गुण सुईचा की मनाचा?

लोणारला जाणारा यात्रेकरू दैत्यसूदनाचे दर्शन घेतो, गोमुखाच्या धारेखाली स्नान करतो, विवरात उतरून कमळजा मातेपुढे नतमस्तक होतो आणि गावाकडे परतताना मोठ्या मारुतीपाशी थांबतो. ही निजलेली भव्य मूर्ती चुंबकीय गुण असलेल्या दगडाची आहे, तिच्याजवळ होकायंत्र नेले तर त्याची सुई आपली दिशा सोडते, असे गावात आवर्जून सांगितले जाते. या परिसरातील काळ्या खडकात लोहयुक्त खनिजे असतातच. त्यामुळे त्यात अशक्य असे काही नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. होकायंत्र भाविकाच्या हाती असो वा नास्तिकाच्या, त्याची सुई हलायची तेवढीच हलते. तिला आशा नसते, भीती नसते, समोरच्या माणसाचा मान राखण्याची गरजही नसते.

माणसाच्या अंगात टोचलेल्या सुईचे मात्र तसे नाही. ती ज्याच्या त्वचेत शिरते त्याला मन असते. तो दूरवरून, पदरचे पैसे मोडून, बऱ्याच अपेक्षेने आलेला असतो. सुई टोचणाऱ्याचा चेहरा तो वाचत असतो. म्हणूनच 'मला बरे वाटले' हे रुग्णाचे उद्गार शंभर टक्के प्रामाणिक असूनही ते सुईच्या गुणाचा पुरावा ठरत नाहीत. हा साधा भेद आज आपले शासन विसरले आहे, ॲक्युपंक्चरचे प्रचारक तो दडवत आहेत आणि सुशिक्षित मध्यमवर्ग तो समजून घेण्याचे टाळतो आहे.

कायदा झाला, प्रश्न राहिला

पश्चिम बंगालने १९९६ साली आणि महाराष्ट्राने २०१५ साली ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. २०१९ मध्ये केंद्र शासनानेही या पद्धतीला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात परिषद आली, नोंदणी आली, अभ्यासक्रम आले. व्यवसायाला शिस्त लागावी, एकदा वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली जाऊ नये, फुप्फुसाला छिद्र पडण्यासारखे अपघात टळावेत, यासाठी नियमन हवेच. त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु नियमन करणे वेगळे आणि प्रमाणपत्र देणे वेगळे. सामान्य माणूस दारावरचा नोंदणी क्रमांक वाचतो तेव्हा 'ही सुई निर्जंतुक आहे' असा अर्थ घेत नाही; 'ही सुई माझा आजार बरा करते, असे सरकारने तपासून पाहिले आहे' असाच अर्थ तो घेतो. कायदा करताना राज्यात कोणत्या पक्षाचे शासन होते, हा प्रश्न येथे गौण आहे. आपल्या विचारांचे शासन असले म्हणून त्याला प्रश्न विचारू नये, असे मानणारे शासनाचेही हित पाहत नाहीत आणि समाजाचेही.

या पद्धतीचा मूळ दावा काय आहे? शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते. या वाहिन्यांवर ३६१ बिंदू आहेत. प्रवाहात अडथळा आला की रोग होतो आणि नेमक्या बिंदूवर सुई टोचली की अडथळा दूर होतो. शवविच्छेदनात अशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत. तरीही क्षणभर तो आक्षेप बाजूला ठेवू. सिद्धान्त चुकीचा असूनही उपाय लागू पडू शकतो. मग विचारायचा प्रश्न एकच उरतो. नेमक्या बिंदूवर टोचलेली सुई आणि भलत्याच जागी टोचलेली सुई यांच्या परिणामांत फरक पडतो का? बिंदूंचे सारे शास्त्र या एका प्रश्नावर उभे आहे.

मैत्रेयाचा प्रश्न

असा प्रश्न विचारणे म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण, असा आक्षेप काही मंडळी घेतात. त्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय वाचावा. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगून झाल्यावर तेथे मैत्रेय उभा राहतो आणि आचार्यांना थेट आव्हान देतो. चारही पाद उत्तम असूनही काही रोगी दगावतात आणि काही रोगी कोणत्याही उपचारावाचून बरे होतात. मग चिकित्सेचा उपयोग तो काय? आत्रेय त्याला गप्प बसवत नाहीत, धर्मद्रोही ठरवत नाहीत. युक्तिवादाने उत्तर देतात. 'उपचार केला नसता तर काय झाले असते?' हा आजच्या प्रत्येक वैद्यकीय चाचणीच्या मुळाशी असलेला प्रश्न आमच्या ग्रंथात उघडपणे विचारला गेला आहे. चरक आणखी एक पाऊल पुढे जातात. वैद्याचे सोंग घेणारे, दुसऱ्याच्या कीर्तीवर जगणारे आणि खरोखर वैद्यगुणांनी युक्त असणारे, असे वैद्यांचे तीन प्रकार ते सांगतात. परंपरेचा अभिमान बाळगायचा तर या परीक्षक वृत्तीसह बाळगला पाहिजे.

युरोपात या प्रश्नाची पहिली गाजलेली परीक्षा चुंबकाच्या निमित्तानेच झाली. मेस्मर नावाचा वैद्य 'प्राणिज चुंबकत्वा'ने रोग बरे करण्याचा दावा करीत असे. पॅरिसमधील प्रतिष्ठितांच्या त्याच्याकडे रांगा लागत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. या आयोगाने एक साधी युक्ती योजली. मेस्मरच्या शिष्याला बागेतील एक झाड 'चुंबकित' करायला सांगितले आणि एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून एकेका झाडाजवळ नेले. चुंबकित झाडापासून दूर असलेल्या दुसऱ्याच झाडापाशी तो मुलगा मूर्च्छित पडला. मुलाने सोंग केले नव्हते. मूर्च्छा खरी होती. पण तिचे कारण झाडात नव्हते, त्याच्या अपेक्षेत होते. डोळ्यांवरच्या त्या एका पट्टीने जे उघड केले, ते हजारो साक्षीदारांच्या शपथांनीही झाले नसते.

खोटी सुई काय सांगते?

ॲक्युपंक्चरला अशी पट्टी बांधणे अवघड होते, कारण सुई टोचल्याचे रुग्णाला कळतेच. त्यावर दोन उपाय निघाले. पहिला, शास्त्राला मान्य नसलेल्या जागी वरवर सुई टोचणे. दुसरा उपाय १९९८ साली जर्मनीतील संशोधकांनी पुढे आणला. नाटकातल्या सुरीचे पाते जसे मुठीत सरकते, तशी बोथट टोकाची, त्वचेला स्पर्श करून मागे सरकणारी ही सुई. रुग्णाला वाटते सुई शिरली; प्रत्यक्षात ती शिरलेलीच नसते.

निष्कर्ष काय निघाले? जर्मनीत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्धशिशीवरील अभ्यासात ३०२ रुग्ण होते. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने कमी होण्याचे प्रमाण शास्त्रोक्त सुईच्या गटात ५१ टक्के, खोट्या सुईच्या गटात ५३ टक्के आणि केवळ प्रतीक्षा यादीत ठेवलेल्यांत १५ टक्के निघाले. २००७ मध्ये तेथेच कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरील मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शास्त्रोक्त सुईने ४७.६ टक्के रुग्णांना गुण आला, भलत्या जागी वरवर टोचलेल्या सुईने ४४.२ टक्क्यांना, तर गोळ्या, व्यायाम इत्यादी नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना.

हे आकडे दोन्ही बाजूंच्या अहंकाराला धक्का देणारे आहेत. बिंदूंचे शास्त्र पाठ केलेल्यांना ते सांगतात की, बिंदू चुकला तरी फारसे बिघडत नाही. आणि ॲक्युपंक्चरला 'निव्वळ थोतांड' म्हणून हसणाऱ्या डॉक्टरांना ते सांगतात की, तुमच्या नेहमीच्या चिठ्ठीपेक्षा खोटी सुईसुद्धा कंबरेला अधिक आराम देऊन गेली.

सत्याशी प्रामाणिक राहायचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०१२ साली २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात शास्त्रोक्त सुई खोट्या सुईपेक्षा किंचित सरस ठरली. त्या अभ्यासकांनीच दिलेले उदाहरण असे : वेदना शंभरपैकी ६० असलेल्या रुग्णाची वेदना ॲक्युपंक्चरशिवाय ४३ पर्यंत, खोट्या सुईने ३५ पर्यंत आणि शास्त्रोक्त सुईने ३० पर्यंत उतरते. म्हणजे ॲक्युपंक्चर न घेणाऱ्याच्या तुलनेत मिळालेल्या तेरा गुणांच्या लाभापैकी आठ गुण खोट्या सुईनेही मिळतात. खऱ्या सुईच्या वाट्याला पाच येतात. आणि या पाचांतही एक मेख आहे. रुग्णाचे डोळे बांधता येतात, पण सुई टोचणाऱ्याला आपण खरी सुई टोचतो आहोत की खोटी, हे ठाऊक असते. त्याच्या आवाजातला, हातातला विश्वास रुग्णापर्यंत पोहोचत नसेल, असे कोण म्हणेल?

प्रचारक जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालाचा हवाला देतात. त्यात २८ विकारांवर ॲक्युपंक्चर सिद्ध झाल्याचे म्हटले आहे. पण त्या अहवालाचा बराचसा आधार चीनमधील चाचण्यांचा होता. १९९८ साली देशवार तुलना झाली तेव्हा चीनमधून आलेली ॲक्युपंक्चरची एकूण एक चाचणी अनुकूल निघाली होती. ज्या परीक्षेत कोणी कधी नापास होत नाही, तिच्या गुणपत्रिकेवर सुजाण पालकाने किती विश्वास ठेवावा?

शब्दांचे औषध

मग गुण येतो तो कशाने? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर हार्वर्डच्या टेड कॅप्चुक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. कॅप्चुक स्वतः चिनी वैद्यक शिकलेले. त्यांना या पद्धतीचा द्वेष असण्याचे कारण नाही. पोटात मुरडा येणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, असा आतड्याचा चिवट विकार असलेले २६२ रुग्ण त्यांनी घेतले. एका गटाला काहीच दिले नाही. दुसऱ्याला खोटी सुई दिली, पण उपचारक जेमतेम पाच मिनिटे थांबे, बोलणे मोजकेच. तिसऱ्या गटालाही तीच खोटी सुई. मात्र पहिल्या भेटीत उपचारक पाऊण तास बसला, आजाराची सारी हकिकत ऐकली, धीर दिला, 'तुम्हाला आराम पडेल' असे सांगितले. तीन आठवड्यांनी समाधानकारक आराम वाटणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात ६२ टक्के होते. खरी सुई कोणालाच टोचली नव्हती. ४४ आणि ६२ यांमधले अंतर केवळ माणसाने माणसाशी बोलण्याचे आहे.

हा 'मनाचा खेळ' म्हणून उडवून लावण्याचा विषय नव्हे. दाढ काढलेल्या रुग्णांवर १९७८ साली झालेल्या प्रयोगात दिसले की, औषध म्हणून निष्क्रिय द्रव देऊन मिळालेला आराम नालोक्सोन हे द्रव्य दिल्यावर ओसरतो. नालोक्सोन शरीरातील अफूसदृश वेदनाशामक रसायनांचा मार्ग अडवते. याचा अर्थ, विश्वासामुळे मेंदू स्वतःच वेदनाशामक स्रवतो. प्लासिबो म्हणतात तो हाच परिणाम. तो शरीरात घडतो, मोजता येतो. चरकांनी चिकित्सेचे तीन प्रकार सांगताना दैवव्यपाश्रय आणि युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीला सत्त्वावजय, म्हणजे मनावर काम करणारी चिकित्सा, सांगितली. मनाचा वाटा मान्य केल्याने वैद्यकाची मान खाली जात नाही; तो वाटा लपवून त्याचे पैसे सुईच्या नावावर वसूल केल्याने जाते.

आराम आणि आरोग्य

'अहो, कशाने का होईना, गुण येतो ना? मग झाले तर!' हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. सुईने कंबर मोकळी झालेल्या माणसाला तो पटतोही. त्याचे उत्तर २०११ साली दम्याच्या रुग्णांवरील एका लहानशा, पण डोळे उघडणाऱ्या अभ्यासाने दिले आहे. त्याच रुग्णांना आळीपाळीने खरे साल्ब्युटामॉल श्वासावाटे दिले, औषध नसलेले तसेच दिसणारे यंत्र दिले, खोटे ॲक्युपंक्चर दिले आणि एका फेरीत काहीच दिले नाही. बरे वाटले का, असे विचारल्यावर खऱ्या औषधाने ५० टक्के, रिकाम्या यंत्राने ४५ टक्के आणि खोट्या सुईने ४६ टक्के सुधारणा रुग्णांनी सांगितली. काहीच न दिल्यावर २१ टक्के. पण फुप्फुसातून जोराने बाहेर पडणारी हवा यंत्राने मोजली तेव्हा खऱ्या औषधाने २० टक्के वाढ दिसली आणि बाकी तिन्ही वेळा सुमारे ७ टक्के. म्हणजे खोट्या सुईने रुग्णाला जवळजवळ औषधाइतकेच बरे वाटले. त्याच्या श्वासनलिका मात्र काहीच न दिल्यासारख्या आकुंचितच राहिल्या.

हे चित्र क्षणभर लोणार तालुक्यात आणून पाहा. सोयाबीनच्या मळणीचा धुरळा छातीत गेलेला एखादा शेतकरी आहे. गावातल्या शिबिरात सुया टोचून घेतल्यावर त्याला हलके वाटते. तो फवारा घेणे सोडतो, कारण 'आता बरे आहे'. रात्री दोन वाजता श्वास कोंडतो तेव्हा बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय नव्वद-शंभर किलोमीटरवर असते. त्याला आराम वाटला होता, हे खरेच होते. आणि तो आरामच त्याचा घात करणारा ठरतो. वेदना, मळमळ, बेचैनी यांवर मनाचा अंमल मोठा चालतो. श्वासनलिकेवर, रक्तातल्या साखरेवर, कर्करोगाच्या गाठीवर तो तसा चालत नाही. ही सीमारेषा रुग्णाला न सांगणारा उपचारक कितीही मृदुभाषी असला, तरी चरकांच्या वर्गवारीत तो कोणत्या प्रकारात बसतो, हे वाचकांनीच ठरवावे.

उसना अभिमान नको

या विषयात आपल्याच गोटातील एका प्रवृत्तीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. ॲक्युपंक्चर मूळचे भारतीयच, सुश्रुतांच्या मर्मविज्ञानातून ते चीनला गेले, असे व्यासपीठांवरून सांगितले जाते आणि टाळ्या पडतात. सुश्रुतांनी १०७ मर्मे सांगितली, हे खरे. पण ती कशासाठी? जेथे आघात झाला असता तत्काळ मृत्यू, कालांतराने मृत्यू, वैकल्य किंवा तीव्र वेदना ओढवते, अशी ती स्थाने आहेत. शल्य करताना ती जपावीत, शस्त्र तेथे लागू देऊ नये, हा त्या विवेचनाचा गाभा आहे. ज्या स्थानांना इजा होऊ नये म्हणून आचार्यांनी बजावले, तीच सुया टोचण्याची स्थाने म्हणून मिरवणे हा सुश्रुतांचा गौरव नसून त्यांचे न वाचणे आहे.

असाच गैरसमज डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबाबत पसरलेला दिसतो. सोलापूरच्या या सुपुत्राने १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला जाऊन युद्धभूमीवर शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. त्यांच्या नावाने ॲक्युपंक्चरची रुग्णालये निघाली. परंतु त्यांची कीर्ती शल्यचिकित्सकाची आहे. ॲक्युपंक्चर भारतात आणले ते त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी, १९५९ च्या सुमारास कोलकात्यात. कोटणीसांचा त्याग सुईच्या जाहिरातीसाठी वापरणे त्यांच्या स्मृतीला शोभत नाही.

आणि ज्या चीनकडून ही पद्धत आली, तिचा इतिहास तरी काय सांगतो? १८२२ साली चिनी सम्राटानेच राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर हद्दपार केले होते. माओच्या राजवटीने १९५० च्या दशकात, डॉक्टरांचा तुटवडा असताना, त्याला पुन्हा उभे केले. माओच्या खासगी डॉक्टरने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींनुसार, चिनी वैद्यकाचा प्रसार करा म्हणणारा माओ स्वतः मात्र त्यावर विश्वास ठेवीत नव्हता. १९७१ मध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया पेकिंगमध्ये झाली आणि 'सुया टोचून, भुलीवाचून पोट फाडले' अशी दंतकथा जगभर पसरली. रेस्टन यांनी स्वतः लिहिले होते ते वेगळेच : शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनानेच झाली, सुया नंतर, पोटातील अस्वस्थता कमी व्हावी म्हणून टोचल्या. दंतकथा मात्र अधिक विकाऊ होती. राष्ट्रीय अस्मितेसाठी एका देशाने तयार केलेला माल दुसऱ्या देशाने आपल्या अस्मितेसाठी आपलाच म्हणून विकावा, यासारखा विनोद नाही.

हाच काटा आयुर्वेदाच्या नावावर चालणाऱ्या दुकानांनाही लावला पाहिजे. आपले ते तपासायचे नाही आणि दुसऱ्याचे तेवढे तपासायचे, ही नीती फार काळ टिकत नाही. जे सत्य आहे त्याला परीक्षेचे भय नसते.

करायचे काय?

पहिली गोष्ट शासनाने करावी. नोंदणी देताना उपचारक कोणत्या विकारांवर उपचार करतो म्हणून जाहिरात करू शकतो, याची यादी पुराव्यानुसार ठरवावी. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी येथे पुरावा काही प्रमाणात आहे. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेनेही २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी शिफारस मागे घेतली आणि २०२१ मध्ये जुनाट वेदनेसाठी विचार करण्याजोगा उपाय म्हणून ती मर्यादेत ठेवली. मधुमेह, अर्धांगवायू, अपस्मार, कर्करोग यांच्या पाट्या मात्र उतरल्याच पाहिजेत. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर बंधने घालणारा कायदा या देशात १९५४ पासून आहे. त्यामागची दृष्टी सुईला अपवाद करण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट सेवाकार्यातील कार्यकर्त्यांची. आरोग्य शिबिरात सुयांचा विभाग ठेवायचाच असेल, तर आधी रक्तदाब, साखर आणि छाती तपासली जाईल, चालू औषध बंद करू नये असे प्रत्येकाला मराठीत, स्पष्ट सांगितले जाईल आणि प्रत्येकाला नवी सुई वापरली जाईल, हे पाहावे. 'दुष्परिणाम नाहीत' हे वाक्य शिबिराच्या फलकावरून काढावे. वाया गेलेला वेळ हाही दुष्परिणामच असतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट डॉक्टरांची. खेडोपाडी माणसे सुईकडे वळतात ती अज्ञानामुळेच, असे मानणे सोयीचे आहे, खरे नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या रांगेत दोन तास उभे राहून दोन मिनिटांत, नाडीला हात न लावता, मान वर न करता लिहिलेली चिठ्ठी घेऊन परतणारा रुग्ण जेथे कोणी पाऊण तास ऐकून घेतो, तेथे जाणारच. कॅप्चुक यांच्या अभ्यासातील ते अठरा टक्के आपल्या दवाखान्यांतून रोज वाया जात आहेत. ते मिळवायला चिनी वाहिन्यांचा नकाशा लागत नाही. रुग्णाला नावाने हाक मारावी, 'काका, केव्हापासून दुखते?' असे विचारून उत्तर पूर्ण ऐकावे, औषध का दिले ते समजावून सांगावे, एवढे पुरते. रुग्णांची गर्दी आणि डॉक्टरांची टंचाई यांची सबब खरी आहे. म्हणूनच रिक्त पदे भरण्याची मागणी हा प्लासिबोच्या शास्त्राचाच एक भाग समजावा.

आणि यासाठी खोटे बोलण्याची गरज नाही. २०१० साली कॅप्चुक यांच्याच गटाने आतड्याच्या त्याच विकाराच्या ८० रुग्णांपैकी काहींना 'यात औषध नाही' असे स्वच्छ सांगून गोळ्या दिल्या. अशा गोळ्यांमुळे शरीरातील बरे होण्याची शक्ती जागी होते, हेही समजावले. त्यांतील ५९ टक्के रुग्णांना समाधानकारक आराम वाटला. गोळ्या न देता फक्त तेवढाच संवाद साधलेल्यांत ३५ टक्के. फसवणुकीवाचूनही विश्वास काम करतो. मग फसवणूक कशासाठी हवी? ती रुग्णासाठी नसते, गल्ल्यासाठी असते.

लोणारच्या मातीला परीक्षा नवी नाही. हे विवर ज्वालामुखीचे, असे विद्वान दीर्घकाळ मानत. १९७३ साली खडकांतील आघाताच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर ते अशनीपाताचे ठरले. त्याचे वय ५२ हजार वर्षे मानले जाई; २०११ मध्ये नव्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा नाना तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे काम असल्याचे दाखवले. यातील एकाही शोधाने दैत्यसूदनाच्या मंदिरातील गर्दी कमी झाली नाही की कमळजा मातेच्या यात्रेला बाधा आली नाही. श्रद्धा श्रद्धेच्या जागी राहिली आणि दगडाने आपले सत्य सांगितले. दगडाला जी परीक्षा आपण खुशाल लावली, ती माणसाच्या अंगात टोचायच्या सुईला लावताना मात्र शासन, व्यावसायिक आणि समाज यांनी कचरावे, हे न्यायाला धरून नाही. दगडाचे वय चुकले तर पुस्तकातला एक आकडा बदलावा लागतो. सुईचा हिशेब चुकला तर एखाद्या घरातला कर्ता माणूस जातो.